काटेकाकांची कॅप्सूल

काटेकाकांच्या हातावर कुणीही काहीही ठेवावं आणि त्यांनी डोळे मिटून वजन सांगावं, हा बाजारातला जुना खेळ होता. कलिंगड, कुलूप, बुटांचा जोड, एकदा तर एका गिऱ्हाइकाचं तान्हं मूल. मुलाचं वजन त्यांनी सव्वाचार किलो सांगितलं. काट्यावर ते दहा ग्रॅम कमी भरलं, तेव्हा 'मघाशी टोपडं घातलेलं होतं' एवढंच म्हणून ते पुन्हा कामाला लागले.

वजनकाटे तपासायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. खाटकाचा काटा, सोनाराचा काटा, औषधवाल्याचा नाजूक तराजू, पिठाच्या गिरणीतला माणूसभर उंचीचा काटा, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. लहान काट्यांसाठी पितळी वजनांची पेटी पुरे. मोठ्या काट्यावर मात्र वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं एकावर एक रचायची आणि काटा कुठे खोटं बोलतो ते बघायचं. काकांच्या कारखान्यात ती उचलायला आढ्याला साखळीचा कप्पी-पाळणा होता. काका त्याला हात लावत नसत. त्यांना हे काम शिकवणारा उस्ताद डोळ्यांवर फडकं बांधून हातात वजनं द्यायचा आणि चुकलं की जेवायला उशीर करायचा. साखळीने उचललेलं वजन हाताला कळत नाही, असं तो म्हणे. काकांनी ते वेदवाक्य मानलं आणि एकसष्टाव्या वर्षापर्यंत प्रत्येक वजन हातानेच उचललं. अशा हट्टाला लोक निष्ठा म्हणतात आणि कमरेचे डॉक्टर आणखी काहीतरी म्हणतात.

काकूंची गाठ पडली तीही काट्यापायी. काकूंचं तेव्हा लोकरीचं दुकान होतं. काका काटा तपासायला गेले आणि त्यांना आढळलं की तो दर पाव किलोमागे पंधरा ग्रॅम लोकर गिऱ्हाइकाला जास्त देतोय. त्यांनी ते सांगितलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या की मला ठाऊक आहे, मीच तसा ठेवलाय, स्वेटरची बाही कधी अपुरी पडू नये. काकांना आयुष्यात मापात मारणारे पुष्कळ भेटले होते. मापात जास्त देणारी ही पहिलीच. त्यांनी नियमाप्रमाणे काटा दुरुस्त केला, आणि पुढल्या आठवड्यात तो नीट चालतोय ना हे बघायला गेले, त्याच्या पुढल्या आठवड्यातही गेले. काटा इतक्या वेळा तपासल्यावर लग्न करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

दीड वर्षापूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीभ वाचली, हे नशीब. काकूंची जीभ गेली असती तर घरात आवाज कुणाचा राहिला असता, काकांचा तर नव्हेच. पण डावा हात आणि डावा पाय पार बसला. तेव्हापासून सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, दुपारी पुन्हा पलंगावर, संध्याकाळी पुन्हा खुर्चीत, अशी काकूंची ने-आण काका स्वतः करत. दुपारच्या खेपेला ते कारखान्यातून दहा मिनिटांसाठी घरी यायचे आणि तसेच परत जायचे. आंघोळीला आणि कपडे बदलायला शेजारची एक निवृत्त आया येई. उचलायला मात्र काकांनी कुणाला हात लावू दिला नाही.

आणि एका सकाळी काकूंना खुर्चीत ठेवता ठेवता त्यांचे गुडघे वाकले ते वाकलेच. दोघं हळूहळू भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कुणाला लागलं नाही. पण काकांना त्यांना पुन्हा उचलता येईना, आणि शेजारीण येईपर्यंत पाऊण तास नवरा-बायको फरशीवर पाय पसरून बसून होती. काकूंनी त्या वेळात पलंगाखाली सापडलेल्या तीन सुया आणि एक जुना चमचा काढला.  काकूंचं वजन चौसष्ट किलो होतं, हे काकांच्या हातांना पक्कं माहीत होतं, आणि त्या चौसष्ट किलोंना ते आता पुरे पडत नव्हते.

शेजारणीने ते लेकीला कळवलं. लेक दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहायची. ती फोनवर भांडली नाही, हेच काकांना जास्त लागलं. तिने सरळ सांगितलं की माझ्या घराजवळ एक चांगली शुश्रूषेची जागा आहे, आईला तिथे ठेवू, मी रोज जाऊन येईन; तुम्ही कारखाना सोडून येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही दोघं असे जमिनीवर पडलेले मला चालणार नाही. काकांनी मुदत मागितली. चार महिने मिळाले. चार महिन्यांनी ती येणार, बाबा आईला उचलू शकतात का हे डोळ्यांनी बघणार आणि मग ठरवणार. अडतीस वर्षांच्या संसारात काकू बाहेर राहिल्या होत्या त्या सगळ्या मिळून अकरा रात्री. काकांनी त्या एक एक करून मोजल्या.

तेव्हा कॅप्सूल आली. औषधवाल्याचा तराजू तपासत असताना काकांनी सहज विचारावं तसं विचारलं की म्हातारपणी अंगात जोर येण्यासाठी काही असतं का. औषधवाला भला माणूस. त्याने एक डबी काढली आणि सांगितलं की हे औषध नाही, आहाराला जोड आहे. पेशींमधल्या ऊर्जेसाठी आणि स्नायूंच्या आरोग्यासाठी घेतात. काहींना थोडा गुण येतो म्हणतात, काहींना काहीच नाही. आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले की तुमच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर घ्यायला हरकत दिसत नाही, पण खरं काम डाळ, दूध, अंडी आणि रोजचा व्यायाम करतात. काकांनी यातलं 'हरकत दिसत नाही' तेवढं ऐकलं. सोयीचं तेवढं ऐकण्याच्या बाबतीत त्यांचे कान कुठल्याही नवऱ्याइतकेच चांगले होते.

डबीतला कागद त्यांनी भिंगातून तीनदा वाचला आणि काकूंना समजावून सांगितला. प्रत्येक पेशीत बारक्या चुली असतात म्हणे. वय झालं की त्यांच्यावर काजळी धरते आणि आच मंदावते. ही कॅप्सूल त्या काजळलेल्या चुली मोडीत काढते आणि नव्या मांडायला मदत करते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की या चुलींवर शिजवायला काही लागत नाही का. काका म्हणाले, ते कागदावर लिहिलेलं नाही.

रोज सकाळी दोन कॅप्सूल, कोमट पाण्याबरोबर. पंधरा दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र एका सकाळी काकूंना उचलताना काकांना वाटलं, आज सोपं गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी सोपं. त्यांचा हात म्हणजे काही सामान्य हात नव्हता. फरक किती हेही तो सांगत होता. आठवड्याला अर्धा किलो, कधी थोडा जास्तच. महिनाभराने त्यांनी औषधवाल्याला बातमी दिली की आपला जोर आठवड्याला अर्ध्या किलोने वाढतोय. औषधवाला चकित झाला. त्याने स्वतःसाठीही एक डबी फोडली.

मग काकांनी गप्प राहावं की नाही? नाव नको. ज्या माणसाच्या तोंडून दिवसाला वीस वाक्यं निघत नसत, तो खाटकाला पेशींतल्या चुली समजावू लागला. सोनार कॅप्सूल घेऊ लागला. गिरणीवाल्याने दोन डब्या एकदम नेल्या. कारखान्यात लोखंडी वजनं मात्र पूर्वीइतकीच जड लागत होती, आणि हे काकांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. त्यांनी त्याचं उत्तरही काढून ठेवलं होतं: सकाळी कॅप्सूल ताजी असते, दुपारपर्यंत उतरते. माणसाला एखादी गोष्ट खरी हवी असली की तो वकिलाच्या वर बुद्धी चालवतो. लेकीला त्यांनी फोनवर सांगून टाकलं की चार महिने कसले, मी आणखी वीस वर्षं उचलेन. लेक हसली. काकू खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्याही हसल्या.

काकूंचा चेहरा उतरल्यासारखा दिसतो, असं काका एकदा म्हणाले होते. काकू म्हणाल्या, उतरेल नाहीतर काय, चढायचं वय आहे का. संध्याकाळी त्या दोन घास खाऊन ताट सरकवत. दुपारचंच जड झालंय म्हणत. दुपारचं ताट सकाळीच झाकून पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवलेलं असे, आणि काका परत येत तेव्हा ते लख्ख असे. ताट लख्ख आहे म्हणजे बायको जेवली, हा हिशेब कुणीही केला असता.

मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते. त्या दिवशी काका पितळी वजनांची पेटी घरी विसरले, म्हणून भर दुपारी, नेहमीच्या वेळेआधी परत आले. काकू खुर्चीत डोळे मिटून होत्या. टेबलावर गल्लीतला भुरा बोका बसला होता. याला काका चांगले ओळखत. उन्हाळ्याच्या तोंडाला तो कारखान्यात शिरला होता तेव्हा काकांनी त्याला पोटाखाली हात घालून बाहेर ठेवला होता. आताही तसाच उचलला, आणि दारापर्यंत जाता जाता ते थांबले.

साडेपाच किलो. उन्हाळ्यात चार होता.

काका बोक्याला हातावर घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. दीड किलो मांजर आलं कुठून? गल्लीत उंदीर तेवढेच होते, खाटकाने दुकानाला नवी जाळी बसवली होती. बोक्याच्या मिशीला पिवळं काहीतरी लागलं होतं. काकांनी ते बोटाने पुसून बघितलं. अंड्याचा बलक होता. सकाळी त्यांनी स्वतः उकडून ठेवलेल्या अंड्याचा.

त्यांनी बोक्याला खाली ठेवलं, हात धुतले आणि काकूंजवळ आले. नेहमीसारखा एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली. साडेतीन महिने ते काकूंना उचलत होते ते आपला जोर अजमावण्यासाठी. आता त्यांनी उस्तादाने शिकवल्याप्रमाणे उचललं, डोळे मिटून, श्वास रोखून, उचलणाऱ्याला विसरून. मग त्यांनी काकूंना पलंगावर ठेवलं. काकूंनी डोळे उघडले होते.

"पंचावन्न," काका म्हणाले.

"मला वाटलं चोपन्न झालं असेल," काकू म्हणाल्या.

काका संतापले, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. इतकी वर्षं जगाचे काटे तपासले, कोण किती मारतो ते सांगितलं, आणि स्वतःच्या घरात नऊ किलो बायको नाहीशी झाली ती यांना कळली नाही. कळली नाही कशी? हात तर दर आठवड्याला चोख सांगत होता, अर्धा किलो, अर्धा किलो. यांनीच तो आकडा उचलून दुसऱ्या खात्यावर लिहिला. शेजारणीला काकूंनी डॉक्टरांनीच वजन उतरवायला सांगितल्याचं पटवलं होतं. ती बिचारी गाऊन आत घेऊन शिवत होती आणि शाबासकी देत होती. त्या घरात दोन बायका आणि एका बोक्याला जे ठाऊक होतं, ते वजनांच्या उस्तादाला ठाऊक नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

का केलंस, एवढंच त्यांनी शेवटी विचारलं.

"तुमचा जोर वाढवणं माझ्या हातात नव्हतं," काकू म्हणाल्या. "माझं वजन होतं. मला नाही जायचं तिकडे."

मग काका पलंगाच्या कडेला बसले आणि रडले. त्यांना रडायचा सराव नव्हता, त्यामुळे ते फार बेढब रडले. काकूंनी उजवा हात त्यांच्या पाठीवर ठेवला, आणि तो हात किती हलका झालाय हे काकांना पाठीवरही कळलं.

डॉक्टरांनी काकूंना तपासलं आणि काकूंवर रागावण्याऐवजी ते काकांकडे बघत बोलले. गेलेल्या नऊ किलोंत नुसती चरबी नाही, स्नायूही गेलेत. ज्या उजव्या पायावर या थोडं तरी उभ्या राहत होत्या, तोही आता थरथरतोय. अशाने त्या हलक्या होतील, पण उचलायला सोप्या होणार नाहीत. ज्याला स्वतःला सावरता येत नाही ते शरीर जास्त जड पडतं. काकांनी खिशातून डबी काढली आणि हिला ही चालेल का म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले की ती नंतर बघू, आधी अंडं यांच्या पोटात जाऊ दे. आणि पायाचे व्यायाम, रोज, दोन वेळा. बाहेर पडताना काकू म्हणाल्या की बघा, चुलींवर शिजवायला काहीतरी लागतं, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी कारखान्याच्या आढ्यावरून साखळीची कप्पी उतरवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला तेल पाजलं. सुताराकडून झोपायच्या खोलीतल्या जाड तुळईला आरपार बोल्टाचा हूक बसवून घेतला. ताडपत्र्या शिवणाऱ्याने मऊ जाड कापडाची, पाठ आणि मांड्या दोन्ही धरेल अशी झोळी शिवून दिली. हूक बसला म्हणून काका लगेच विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी वीस-वीस किलोंची दहा वजनं खोलीत आणवली आणि दोनशे किलो त्या हुकाला अख्खा दिवस टांगून ठेवले. काकू खुर्चीतून ते बघत होत्या. मला किती खायला घालायचा विचार आहे, असं त्यांनी विचारलं.

शेवटी काकांनी एक गोष्ट केली, जी कुठल्याही दवाखान्यातल्या रुग्ण उचलायच्या पाळण्याला नसते. हूक आणि झोळी यांच्या मधोमध त्यांनी लटकता काटा अडकवला, मोठ्या तबकडीचा, खोलीतून कुठूनही वाचता येईल असा. त्यावर काकूंच्या देखत पितळी वजनं टांगून तो तपासला, तारीख घातली आणि शिशाची मोहोर लावली. म्हणजे आता रोज सकाळी काकू उचलल्या गेल्या की आकडा सगळ्या घराला दिसणार होता. लपवायला जागाच ठेवली नाही. काकूंच्या मते हा अविश्वास होता. काका म्हणाले की हो, आहे.

ठरल्या दिवशी लेक आली. बाबा आईला हातांवर उचलून दाखवतील म्हणून ती दारातच उभी राहिली, आवश्यक तर धावायला. काकांनी झोळी काकूंच्या खाली सरकवली, कड्या अडकवल्या आणि साखळी ओढली. काकू आरामात वर गेल्या, काकांनी खाली खुर्ची सरकवली आणि त्या तिच्यात बसल्या. साखळी एवढी हलकी होती की शेजारणीलाही ती एका हाताने ओढता आली असती, आणि काका गावाबाहेर कामाला गेले की ती ओढणार होती, हेही ठरलं होतं. लेकीने तबकडीकडे बघितलं. छप्पन किलो आठशे.  आईचं वजन चौसष्ट होतं हे तिलाही माहीत होतं. मग काकांनी तिला सगळं सांगितलं, बोक्यासकट, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने, काहीही न वगळता. जो माणूस दुसऱ्याच्या काट्याची चूक कागदावर लिहून सही करून देतो, त्याने स्वतःची झाकून ठेवायची हे बसत नव्हतं.

लेक आईच्या पायाशी बसून राहिली. आई, मला सांगायचं होतंस की जायचं नाही, असं ती म्हणाली, आणि काकू म्हणाल्या की तू विचारलंस कुठे.  संध्याकाळी लेकीने शुश्रूषेच्या जागेला फोन करून नाव काढून टाकलं.

काका अजून कॅप्सूल घेतात. डबी संपेपर्यंत घेतो म्हणतात. ही तिसरी डबी आहे. गुण येतो का असं कुणी विचारलं तर पूर्वीसारखं भाषण करत नाहीत. माहीत नाही, म्हणतात, माझा काटा मध्ये बिघडला होता. बोका सव्वाचार किलोंवर आला आहे आणि घरावर नाराज आहे.

सकाळी साखळी ओढताना काका अजूनही एक हात काकूंच्या पाठीखाली धरतात. आधी ते आकडा सांगतात, मग काकू मान वर करून तबकडी वाचतात. गेल्या मंगळवारी ते साठ किलो शंभर म्हणाले आणि तबकडीवर तेवढेच भरले. सगळं वजन साखळीवर आहे, तुमच्या हाताला काय डोंबल कळतंय, असं काकूंनी विचारलं.

"कळतं," काका म्हणाले, आणि त्यांनी हात काढला नाही.